दादाचा चेहरा काढताना

फुलेवाडी, कोल्हापूर
८ जुलै २०२४

दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते न फोडताच कपाटावर टाकशील, असं धैर्यशील म्हणाला. मी म्हटलं, टाकू दे. फोन तू उचलत नाहीस, आणि वहिनीला लावला की "ते गोठ्यात हायत" एवढंच ऐकायला मिळतं. पत्र निदान मलकापुरात तुझ्या घरात तरी येऊन पडेल.

लग्नाचा विषय मी काढणार नाही. धैर्यशीलच्या, तुझ्या सख्ख्या भाच्याच्या लग्नात, भर मांडवात, "बहिऱ्यांच्या घरात माझं काय काम न्हाय" म्हणून तू उठून गेलास, ते सगळ्यांनी ऐकलं. नव्या सुनेला, सईला ऐकू येत नाही, पण ते तिला कुणी सांगावंही लागलं नाही. माणसांची तोंडं बघूनच तिला कळलं. झालं ते झालं. मी आज वेगळ्याच कारणानं लिहितेय. मला या वयात चित्रं काढायचा नाद लागलाय, आणि हे कुणाला सांगावं तर तुझ्याशिवाय माणूस सुचेना.

त्याचं असं झालं. धैर्यशीलची दुसरी पाळी असली की संध्याकाळी घरात मी आणि सई, दोघीच. ती त्याच्याच कारखान्यात आहे, शिरोलीला. तो भट्टीकडं, ही ड्रॉइंग ऑफिसात. यंत्रांचे भाग कागदावर काढते, त्यावरून पुढं साचे होतात. भट्टीच्या आवाजात तिथं कुणाचंच कुणाला ऐकू येत नाही, सगळेच हातवारे करतात. म्हणूनच आमचं जमलं, असं धैर्यशील म्हणतो.

तिला ओठांवरून बोलणं कळतं. पण तिच्या शाळेतल्या बाई पुस्तकातलं बोलायच्या, आणि मी बोलते आपलं. त्यात मी कवळी काढून ठेवलेली असली तर बघायलाच नको. पहिल्याच आठवड्यात तिनं मला लिहून दाखवलं, "आई, तुमची भाषा माझ्या डोळ्यांना येत नाही." बरं, लिहून बोलावं तर माझे हात पिठात, चष्मा देवघरात आणि कढई गॅसवर.

एका सकाळी मला सांगायचं होतं, येताना दोडका आण. वर्तमानपत्राच्या कडेला पेननं दोडका काढला. तिनं बघितला, तिचे डोळे मोठे झाले, आणि ती केरसुणी घेऊन बाथरूमकडं धावली. साप कुठं आहे म्हणून मला खुणेनं विचारायला लागली! मी सोलून दाखवलं, चिरून दाखवलं, खाऊन दाखवलं, तेव्हा कुठं तिला कळलं. हसता हसता ती खालीच बसली. मोठ्यानं हसते दादा, वहिनीसारखी.

संध्याकाळी तिनं दोडका आणला, पण चिरू दिला नाही. माझ्यापुढं ठेवला, कागद ठेवला, हातात पेन्सिल दिली. आयुष्यभर मी दोडक्याच्या शिरा काढल्या. त्या देठापासून टोकापर्यंत सरळ जात नाहीत, मध्येच हळूच वळतात, हे मी त्या दिवशी बघितलं. भाजी दुसऱ्या दिवशी झाली. चित्र सोबत आहे.

तानी


२८ जुलै २०२४

दादा,

उत्तर नाही, पण पाकीटही परत आलं नाही. तेव्हा पुढचं लिहिते.

अंगणवाडीत इतकी वर्षं मी पोरांना चित्रं शिकवली, असं मी समजत होते. दोन डोंगर, मधून सूर्य, उतरत्या छपराचं घर. आमच्या फुलेवाडीत डोंगरामधून सूर्य उगवताना कुणी बघितलाय? तरी सगळ्यांच्या वहीत तोच सूर्य, आणि मी त्यावर "छान" लिहायची.

रविवारी सईनं गॅलरीतली प्लॅस्टिकची खुर्ची माझ्यापुढं ठेवली. मी काढली. चारही पाय एकसारखे, बसायची जागा चौकोनी. तिनं कागद खुर्चीशेजारी धरला. मागचे पाय मला आखूड दिसत होते आणि मी पुढच्याएवढे काढले होते. तिनं लिहिलं, "ही तुम्ही बघून काढली नाही. आठवून काढली."

मला राग आला. मी म्हटलं, खुर्ची म्हणजे खुर्चीच की. तिला ते ओठांवरून कळलं की तोंडावरून, कोण जाणे. तिनं पुन्हा लिहिलं, "खुर्ची काढू नका. पायांच्या मधे जी मोकळी जागा आहे ती काढा. हातांच्या खालची काढा."

मला वाटलं, चेष्टा करते. पण बसले. आणि दादा, गंमत बघ. त्या मोकळ्या जागेला नाव नाही. ती कशी असते हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं. त्यामुळं बघण्यावाचून इलाजच राहत नाही. एक मोकळी जागा पतंगाच्या तुकड्यासारखी निघाली, एक लांबट, एक अगदी चिंचोळी. सगळ्या काढून झाल्यावर बघितलं तर मध्ये खुर्ची उभी! मी ती काढलीच नव्हती. मी गॅलरीत एकटीच टाळ्या वाजवल्या. समोरच्या घरातल्या बाई बघायला बाहेर आल्या. ते चित्रही सोबत ठेवलंय.

आता मला तोच छंद जडलाय. बसमध्ये दोन माणसांच्या मधली जागा बघते. कढईचा कान आणि कढई यांच्यातली जागा बघते. परवा दूध उतू गेलं.

काल सईनं कागदाकडं न बघता स्वतःचा हात काढायला लावला. नजर हातावरून मुंगीच्या चालीनं न्यायची आणि पेन्सिल तिच्यामागून. चित्र बघितलं तर आल्याची गड्डी. पण अंगठ्याशी जी सुरकुती आली होती, ती मात्र माझीच होती. लाटण्यानं पडलेली.

तानी


१८ ऑगस्ट २०२४

दादा,

आम्ही आता बाहेर पडायला लागलोय. गेल्या रविवारी कपिलतीर्थ मंडईत गेलो. सईनं दोन रिकामे क्रेट उलटे केले आणि आम्ही सासू-सुना मांडी ठोकून बसलो. पुढं गुंडू नावाचा वांगीवाला. गर्दी जमायला वेळ लागला नाही.

गुंडू मला म्हणाला, "मावशी, ते माझं नाक हाय की वांगं?"

मी म्हटलं, "वांगंच हाय. नाक अजून यायचंय."

"आणि ह्या पावणीला ऐकायला येत न्हाय व्हय? नशीबवान हाय. माझा दंगा ऐकावा लागत न्हाय."

सईनं त्याला ओरडताना काढलं होतं. उघडं तोंड, ताणलेला गळा, त्यावरच्या शिरा. तिनं कागद त्याच्याकडं वळवला. तो बघतच राहिला. "आयला," म्हणाला, "मी एवढा वरडतो?" नंतर थोडा वेळ तो अगदी हळू आवाजात वांगी विकत होता. कुणी थांबेना. मग पुन्हा सुरू झाला.

पण खरं सांगायचंय ते पुढचं. घरी आल्यावर सईनं मंडईतली पानं चाळली, त्यात एक माझंही निघालं. मी भाजी निवडत उभी आहे, पाठमोरी. मला ते काही ओळखीचं वाटेना. बाई एका बाजूला कलली होती, सगळा भार डाव्या पायावर, उजवी टाच जेमतेम टेकलेली. मी खुणेनं विचारलं, ही कोण? तिनं माझ्या उजव्या गुडघ्यावर बोट ठेवलं.

तुला माहीत नाही, कुणालाच माहीत नाही. गुडघा पावसाळ्याच्या आधीपासून दुखतोय. धैर्यशीलला सांगितलं तर तो दवाखान्याच्या मागं लागेल म्हणून मी बोलले नव्हते. मी तोंडानं लपवलं आणि पायानं सांगून टाकलं. सोमवारी सई मला डॉक्टरांकडं घेऊन गेली. सध्या मलम आणि व्यायाम आहे, काळजीचं काही नाही.

मी तिला विचारलं, तुला हे कसं दिसतं? तिनं लिहिलं, "मला आवाज मधे येत नाही."

तानी


२२ सप्टेंबर २०२४

दादा,

हे पत्र घाईत वाचू नकोस.

गेल्या रविवारी मी सईला विचारलं, लग्नाच्या दिवशी तू काय बघितलंस? आम्ही आता असंच बोलतो, निम्मं चित्रात, निम्मं लिहून. तिनं मोठा कागद घेतला आणि दुपारभर काढत बसली.

तिच्या चित्रात मांडव नाही, हार नाहीत, भटजी नाहीत. नुसती तोंडं. हसणारी, खाणारी, एकमेकांच्या कानाशी लागलेली. डोळे कुणालाच काढलेले नाहीत. एवढ्या सगळ्यात डोळे एकाच माणसाला आहेत, आणि तो माणूस तू आहेस. तुझी नजर शेजाऱ्याच्या ओठांवर आहे.

मी विचारलं, दादाचेच डोळे का? तिनं लिहिलं, "मामा माझ्यासारखे बघतात. मला वाटलं तुम्हाला माहीत आहे."

मी लग्नाचा व्हिडिओ लावला. तो मी आधी कितीतरी वेळा बघितला होता, तुझ्यावर चिडायला म्हणून. या वेळी आवाज बंद केला आणि सईसारखा बघितला.

माईकवरून तुला हाक मारतात, नवऱ्या मुलाचे मामा पुढं या. आवाज बंद असला तरी सगळ्या माना तुझ्याकडं वळलेल्या दिसतात. तू हलत नाहीस. शेजाऱ्याकडं बघतोस, तर तो पान खाताना तोंडापुढं हात धरून बसलाय. पुन्हा हाक मारतात. मागच्या रांगेत कुणीतरी काही बोलतं आणि लोक हसतात. तू वळून बघतोस. तो माणूस तुझ्याकडं बघून स्वतःच्या कानाकडं बोट करतो, मग सईकडं करतो. मग तू उठतोस.

मी आवाज सुरू केला, आणि या वेळी तुझ्याऐवजी त्याचं ऐकलं. तो म्हणाला होता, "मामाबी सुनंगत बहिरं हाय काय?"

दादा, मला वाटलं होतं तू तिला बोललास.

नंतर मी व्हिडिओ थांबवून तुझा चेहरा काढायला बसले. दादाचा चेहरा म्हणजे मिशा, असंच माझ्या डोक्यात बसलेलं. म्हणून आधी मिशा बोटानं झाकल्या आणि उरलेलं बघितलं. कपाळावर आठ्या आहेत, पण त्या खाली उतरलेल्या नाहीत, वर चढलेल्या आहेत. मान पुढं काढलेली. डावा कान थोडा पुढं. रागावलेला माणूस असा बसत नाही. शेवटच्या बाकावरून फळा वाचायला धडपडणारं पोर असं बसतं.

तुला ऐकायला कमी येतंय का? फोन म्हणूनच उचलत नाहीस का?

माझं चुकत असेल तर कळव. बरोबर असेल तरी कळव.

तानी


१५ ऑक्टोबर २०२४

दादा,

परवा तू समोर होतास, तरी लिहितेय. त्या दिवशी घरात कोण काय बोललं, त्यातलं तुझ्यापर्यंत किती पोचलं हे मला माहीत नाही. तेव्हा तुझ्या माघारी झालेलंही लिहिते.

उत्तर येईना म्हणून दसऱ्याचं सोनं द्यायचं निमित्त केलं आणि सईला घेऊन एसटीत बसले. धैर्यशील आला नाही. त्याला मी सगळं सांगितलंय, पण त्याचा राग एवढ्यात उतरायचा नाही. तुझाच भाचा तो. तू दारात आपट्याची पानं घेतलीस, सईकडं बघितलं नाहीस, "बरं झालं, आलासा" म्हणालास आणि गोठ्यात निघून गेलास.

वहिनी मला स्वयंपाकघरात म्हणाली, "हे लई बदललं, तानी. मी काय बोलाय गेलं की उठून जात्यात. दोनदा इचारलं तर खेकसत्यात. माझा कटाळा आलाय ह्यांस्नी."

मी तिला चित्राचं सांगितलं, व्हिडिओचं सांगितलं. ती चहाचं पातेलं हातात घेऊन माझ्याकडं वळली. मग म्हणाली, "ऐकायला येत न्हाय? एवढंच हाय?" आणि डोळ्याला पदर लावला. तुझ्या कानांसाठी रडली नाही ती दादा. तुला तिचा कंटाळा आला नाही, एवढं कळल्यावर रडली. मग लगेच भडकली. "मग तोंडानं सांगायला काय झालंतं?" ती पातेलं घेऊनच तुझ्याकडं निघाली होती, मी अडवलं. कारण सई घरात नव्हती, आणि ती कुठं गेली असेल ते मला कळलं होतं.

मी गोठ्याच्या दाराआड उभी राहिले. सई पेंडीच्या पोत्यावर बसून कागदावर म्हैस काढत होती. तू ओरडलास, "हितं काय हाय बघाय सारखं?" तिला कळलं नाही. तिनं तुझ्या मिशांकडं बोट केलं आणि बोटानं पडदा बाजूला सारावा तसं केलं. ओठ दिसत नाहीत, म्हणत होती. मला वाटलं, आता झालं. पण तू दोन बोटांनी मिशा वर धरल्यास आणि तेच पुन्हा म्हणालास. हळू. तुला तसं उभं राहिलेलं बघून मला हसू आलं.

मग ती तुझ्याकडं बघत राहिली. तिनं कागदावर तुझा कान काढला आणि शेजारी स्वतःचा. पेन्सिल तुझ्यापुढं धरली.

तू ती घेतलीस. मग काढलंस. दोन रेघांचा रस्ता, पाठमोरा माणूस, आणि त्याच्या मागं घराएवढा ट्रक. ट्रकला चाकंच नव्हती, पण कागद भरून होता तो. माणसावर बोट ठेवलंस आणि मग स्वतःच्या छातीवर.

म्हणून तू बाजारला जायचं सोडलंस. वहिनीला वाटत होतं आळस, मला वाटत होतं गावात तोंड दाखवायला नको म्हणून. रत्नागिरी रस्त्यावर मागून ट्रक आला, हॉर्न दिला आणि तुला तो ऐकू आला नाही, हे कुणाच्या मनातही आलं नाही. किती जवळून गेला, दादा?

सई घाबरली नाही. तिनं तुझी बाही धरून तुला म्हशीपुढं उभं केलं आणि म्हशीच्या कानांकडं बोट करून थांबली. म्हैस रवंथ करत होती. मग तिचे दोन्ही कान एकदम मागं वळले. जरा वेळानं मागच्या रस्त्यानं टेम्पो गेला. सईनं दोन्ही हात पसरले, आता बघा, अशी. तू तिथंच उभा राहिलास, पुढच्या टेम्पोची वाट बघत. मग मोटरसायकल आली. कान पुन्हा आधी वळले. तू मला दारात बघितलंस आणि ओरडलास, "तानी, ह्ये पोरगी रस्ता असाच वलांडती व्हय?"

मी मान डोलावली. ती माणसांचे चेहरे बघते, कुत्र्यांचे कान बघते, जमिनीवर सरकणाऱ्या सावल्या बघते. मलाही हे आत्ता आत्ताच कळलंय.

निघताना मी कानाच्या डॉक्टरांचं काढलं, तर तू मान फिरवलीस. मान फिरवली की तुझ्यापुरतं बोलणं संपतं, हे आता मला ठाऊक झालंय. म्हणून तेच कागदावर लिहिते, इथून तुला मान फिरवता येणार नाही. कोल्हापुरात चांगले डॉक्टर आहेत. तपासणी दुखत नाही. यशाची खात्री मी देत नाही, पण ट्रकची भीती घेऊन बसू नकोस.

तानी


मलकापूर
२४ ऑक्टोबर

तानी,

मी कधी पत्र लिहिलेलं न्हाय. अंगणवाडीच्या बाईगत चुका काढू नको.

तुझी सगळी पाकिटं आली त्याच दिवशी फोडली. दोडका बरा हाय. खुर्ची डुगडुगती.

कान मागल्या काय सालांपासनं जायला लागल्यात. आधी पाखरं गेली, मग फोन, मग माणसं. आपणच मोठ्यानं बोललं की दुसऱ्याचं ऐकावं लागत न्हाय, म्हणून वरडत सुटलो. ट्रक मला घासून गेला. धोतराला चिखल लागला तो धुतला आन् घरात कुणाला बोललो न्हाय.

मांडवात मी त्या हसणाऱ्याला बोललो, पर शब्द पोरीवर पडला. हे तिला तू सांगू नको. मी सांगणार हाय. मिशा उतरवल्यात त्यासाठी. गावात इचारत्यात, सुतक हाय काय.

धैर्यशीलला म्हणावं, मामानं बोलावलंय. आला न्हाय तर मी येतो, तिथं दारात बसतो.

डॉक्टरकडं भाऊबीज झाली की येईन. मशीन लावा म्हणाला तर लावीन. पर त्याच्या आधी एक काम हाय. भाऊबीजेला पोरीला घिऊन ये आन् तुझ्या वहिनीला चित्रं काढाय शिकवा. ती आता पुढ्यात यिऊन, माझं तोंड हातानं वळवून बोलती. निम्मं कळतंय, निम्मं न्हाय. काल पिठात बोटानं काय तरी काढून दावलं. मी म्हटलं म्हैस, तर ती म्हणली तुमची बहीण.

ऐकू येत हुतं तवा ती काय बोलती हिकडं माझं ध्यान नसायचं. आता भाकरी थापताना ती मधीच एकटी हसती. मी समोर बसलेला असतो आन् कशाला हसली ते मला कळत न्हाय. ते मला कळाय पायजे.

हंबीरराव